टाइप १ मधुमेह असलेल्या लेकीला निवासी शिबिराला पाठवायचं, तर तयारी काय करायची?

प्रश्न नाशिकरोडच्या एका आईचा आहे. लेक ११ वर्षांची, वजन ३४ किलो. टाइप १ मधुमेहाचं निदान होऊन दोन वर्षं झाली. रात्री ९ वाजता ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं, लाँग ॲक्टिंग इन्सुलिन) १४ युनिट, तीन जेवणांआधी ॲस्पार्ट (जेवणाचं, झटपट काम करणारं इन्सुलिन), सगळं पेननं. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो. मे महिन्यात अंजनेरीच्या पायथ्याजवळ सात दिवसांचं निवासी शिबिर आहे, वर्गातल्या चार मैत्रिणी चालल्या आहेत. त्यात ट्रेक, पोहणं आणि एक रात्र तंबूत मुक्काम आहे. शिबिरवाले म्हणतात, "पाठवा, पण औषधाचं तिचं तिनं बघायचं." आजी म्हणतात, "एवढ्या सुया घेणारी पोर, तिला कशाला घराबाहेर काढता?" आईनं विचारलंय, पाठवू का? आणि पाठवलं तर काय काय तयारी करू?

ताई, पाठवा. फक्त एका अटीवर: शिबिरात रात्रंदिवस राहणारी एक मोठी, जबाबदार व्यक्ती तिच्या साखरेची जबाबदारी नाव घेऊन स्वीकारायला तयार हवी. "आम्ही सगळे लक्ष ठेवू" याचा अर्थ कुणीच ठेवणार नाही. एकच ताई किंवा दादा, जो तिच्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत झोपेल, रात्री २ वाजता गजर लावून उठेल, आणि ज्याला तुम्ही आधी तासभर बसवून शिकवलेलं असेल. अशी व्यक्ती मिळाली तर बाकीची सगळी तयारी जमण्यासारखी आहे. मिळाली नाही तर सेन्सर, मोबाइल, औषधांची भरलेली पिशवी यांतल्या कशानंच ती उणीव भरून निघत नाही. मग या वर्षी नको.

"तिचं तिनं बघायचं" हे मला मान्य नाही, आणि तुम्हीही मान्य करू नका. तुमची लेक हुशार असेल, स्वतः सुई टोचून घेत असेल, तरी साखर खाली येते तेव्हा सर्वांत आधी मेंदूला साखर कमी पडते. म्हणजे ज्या क्षणी तिला नीट निर्णय घ्यायची गरज असते, त्याच क्षणी तिचं डोकं नीट चालत नसतं. मुलं अशा वेळी चिडतात, रडतात, हसत सुटतात किंवा गप्प एका बाजूला जाऊन बसतात. शिबिरात याला "घरची आठवण येतेय" समजून सोडून दिलं जातं. म्हणून शिबिरातल्या त्या जबाबदार ताईला शिकवायची पहिली गोष्ट हीच: ही मुलगी नेहमीपेक्षा वेगळी वागली की आधी बोट टोचून साखर बघायची, मग बाकीचं. आणि लो असताना, म्हणजे साखर फार खाली आलेली असताना, तिला एकटीनं खोलीवर किंवा बाथरूमला पाठवायचं नाही. साखर तिच्याजवळ आणायची, तिला साखरेकडे पाठवायचं नाही.

आजींनाही समजावून सांगा. इन्सुलिनचा शोध १९२१ सालचा. पुढे चारच वर्षांत, १९२५ मध्ये, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डॉ. लिओनार्ड वेंड्ट यांनी मधुमेही मुलांसाठी निवासी शिबिर भरवलं. तेव्हा घरी साखर मोजायचं यंत्र नव्हतं, लघवी तपासून अंदाज बांधायचा. तरी ती मुलं रानात राहिली, पोहली. आपल्या मुलींकडे आज त्याहून कितीतरी चांगली साधनं आहेत.

आता डोसबद्दल, कारण खरं काम इथेच आहे. घरी सुट्टीत मूल दिवसाचे काही तास खेळतं. शिबिरात सकाळी ६ पासून रात्रीपर्यंत पाय थांबत नाहीत. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, आणि ही ओढ खेळ संपल्यावरही चालू राहते. रिकामे झालेले साठे स्नायू रात्री भरून घेत असतात. दुपारी ४ ला उतरलेल्या ट्रेकचा लो रात्री २ ला येतो, तो यामुळे. शिबिरात मला दिवसापेक्षा रात्रीची काळजी जास्त वाटते.

म्हणून पहिल्याच रात्रीपासून लाँग ॲक्टिंग इन्सुलिन साधारण २० टक्के कमी करतात. तुमच्या लेकीसाठी १४ ऐवजी ११ युनिट. ग्लार्जिनचा डोस त्याच रात्री बदलला तरी चालतो. कुणाचं मूल डेग्लुडेक या दुसऱ्या लाँग ॲक्टिंग इन्सुलिनवर असेल तर ते शरीरात रेंगाळतं, बदल नीट दिसायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून कमी करावं लागतं. जेवणाच्या इन्सुलिनचा नियम वेगळा: जेवणानंतर दोन तासांच्या आत मोठी धावपळ असेल तर त्या जेवणाचा डोस पाव ते निम्मा कमी. ट्रेकला निघण्यापूर्वीच्या नाश्त्याला ती एरवी ६ युनिट घेत असेल तर ३ किंवा ४. आणि त्या सकाळी सुई पोटावर घ्यायची, मांडीवर नको. चालताना मांडीचे स्नायू तापतात, तिथलं इन्सुलिन अपेक्षेपेक्षा लवकर रक्तात उतरतं. मे महिन्याच्या उन्हानं त्यात भरच पडते. हे आकडे सुरुवातीचे आहेत. तुमच्या डॉक्टरांसमोर गेल्या दोन आठवड्यांच्या साखरेची वही ठेवून ते पक्के करून घ्या, आणि शिबिरात दर संध्याकाळी त्या दिवसाचे आकडे बघून दुसऱ्या दिवसाचा डोस फोनवर ठरवायचा, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

डोस कमी केल्यावर साखर थोडी वर राहील. राहू द्या. या सात दिवसांत १०० ते १८० चा हट्ट धरायचा नाही. काही वेळा २०० किंवा २२० दिसेल, त्यानं तिचं काही बिघडत नाही. आई-वडील घरातून दर तासाला मोबाइलवर आकडा बघतात आणि "करेक्शन दे", म्हणजे चढलेली साखर उतरवायला जादा इन्सुलिन दे, म्हणून शिबिरात फोन करतात, तेव्हा एकावर एक डोस साचतात आणि रात्री लो येतो. दोन करेक्शनमध्ये निदान तीन-चार तास हवेत, आणि झोपताना करेक्शन द्यायचं तर अर्धंच.

ट्रेकच्या दिवसाचं गणित असं. निघताना साखर १२५ ते १८० असली की छान. ९० ते १२५ असेल तर आधी १०-१५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एखादं लहान केळं किंवा दोन-तीन खजूर, मग चालायचं. ९० च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज, पुन्हा तपासणी, आणि साखर वर आल्यावरच पाऊल उचलायचं. २७० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणारे आम्ल पदार्थ) तपासायचे. कीटोन असतील तर त्या दिवशी ट्रेक नाही. चढताना दर तासाला १५-२० ग्रॅम पोटात जायला हवं. राजगिऱ्याचा लाडू, केळं, खजूर चालतील. अंजनेरीची वाट या वयाच्या मुलीला जमण्यासारखी आहे. शिबिराच्या पत्रकात हरिहर किल्ला असेल तर मात्र पहिल्या शिबिरात मी नाही म्हणेन. तिथल्या कातळात कोरलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांवर मधेच लो आला तर बसून साखर खायला जागा नाही. पोहण्यालाही तोच विचार लावायचा: १२० च्या खाली असेल तर खाल्ल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, आणि काठावरच्या माणसाच्या खिशात ग्लुकोज हवं. दंडावरचा सेन्सर किती खोल आणि किती वेळ पाण्यात चालतो ते त्याच्या पाकिटावर वाचा. काही सेन्सरना १ मीटर खोली आणि ३० मिनिटं एवढीच मर्यादा असते.

लो झाल्यावर काय द्यायचं ते घरीच तयार करा. ७० च्या खाली म्हणजे लो. तुमच्या लेकीच्या वजनाला १० ग्रॅम ग्लुकोज पुरतं, ५४ च्या खाली असेल तर १५. घरच्या काट्यावर दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या मोजून बांधा, चमच्याच्या अंदाजावर सोडू नका, कारण शिबिरातला चमचा केवढा असेल कुणास ठाऊक. पुडी अर्धा पेला पाण्यात, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, नाही चढली तर दुसरी पुडी. ही दुसरी तपासणी बोटावरच करायची. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, तो रक्ताच्या मागे पाच-पंधरा मिनिटं रेंगाळतो. साखर वर आलेली असते, सेन्सर अजून ६२ दाखवत असतो, आणि घाबरलेली ताई आणखी तीन पुड्या पाजते. चॉकलेट किंवा शेंगदाण्याची चिक्की लो साठी नको, त्यातली स्निग्धता साखर पोचायला उशीर लावते. चिक्की झोपण्याआधीच्या खाण्याला चांगली.

बोट टोचण्याआधी हात धुतलेच पाहिजेत. मे महिना आहे, आंबे असणार. बोटाला आमरस लागलेला असताना घेतलेला आकडा ३०० सुद्धा दाखवू शकतो, आणि त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिलं गेलं तर खरा लो होतो. सेन्सरचा उलटा प्रकार रात्री होतो. मूल सेन्सरच्या दंडावर दाबून झोपलं की खोटा लो दिसतो. कूस बदलून द्या, बोट टोचून खात्री करा.

रात्रीचं वेळापत्रक ताईच्या हातात लिहून द्या. झोपताना १२० च्या खाली असेल तर दूध आणि दोन-तीन बिस्किटं. मग रात्री २ वाजता तपासणी, १०० च्या खाली असेल तर १० ग्रॅम ग्लुकोज आणि वर थोडं खाणं. ट्रेकच्या आणि तंबूच्या रात्री ही तपासणी चुकवायची नाही. तुमचा सेन्सर आपोआप गजर देणारा आहे की मोबाइल जवळ नेऊन स्कॅन करावा लागणारा, ते नीट पाहा. गजर देणाऱ्यालाही मोबाइल काही फुटांच्या आत लागतो. शिबिरात मोबाइलबंदी असेल तर या मोबाइलपुरती सूट लेखी मागा. तो मोबाइल ताईच्या उशाशी राहील, लेकीच्या हातात नाही. नेटवर्क नसेल तर तुमच्या घरी आकडे दिसणार नाहीत, पण तिथला गजर वाजेल. तुमचा धीर सुटू नये म्हणून हे आधीच सांगतेय.

कुणी बेशुद्ध पडलं किंवा झटके आले तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि साखर झटकन वर आणणाऱ्या ग्लुकागॉनचं इंजेक्शन द्यायचं. २५ किलोच्या वरच्या मुलाला पूर्ण १ मिलिग्रॅम, खालच्याला अर्धा. हे औषध आपल्याकडे प्रत्येक दुकानात ठेवलेलं नसतं, म्हणून आजच मागवायला सांगा आणि मुदत तपासून घ्या. ते दिल्यावर उलटी होते, कुशीवर वळवणं त्यासाठी. त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा आणि शिबिराची गाडीही तयार ठेवायची. अंजनेरीहून नाशिक वीसेक किलोमीटर, आणि सिव्हिल हॉस्पिटल त्र्यंबक रोडवरच आहे. तेव्हा गाडी आणि ड्रायव्हर रात्रीही आवारातच थांबतात का, हा प्रश्न शिबिरवाल्यांना अगदी सरळ विचारा.

इन्सुलिनचं सामान लागतं त्याच्या दुप्पट न्या आणि दोन ठिकाणी ठेवा: निम्मं ताईकडे, निम्मं कार्यालयात. एक पिशवी हरवली तरी काम अडू नये. नाशिकचं मे महिन्याचं दुपारचं तापमान ४० अंशांच्या आसपास जातं, आणि उन्हात उभ्या बसच्या डिकीत त्याहून जास्त. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे टिकतं, उन्हात तापलं तर त्याचा भरवसा नाही. शिबिराच्या स्वयंपाकघरात फ्रिज असेल, पण त्यात बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेलं इन्सुलिन गोठतं, आणि गोठून वितळलेलं इन्सुलिन बाहेरून नेहमीसारखं दिसलं तरी निकामी असतं. आपल्या कोरड्या हवेत मातीचं मडकं फार चांगलं काम करतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, आणि त्यात घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात इन्सुलिन. वाळू दिवसातून दोनदा भिजवायची, मडकं सावलीत, वारं लागेल असं. विनाकारण साखर चढलेली दिसली तर आधी पेनमध्ये इन्सुलिनचं नवं कार्ट्रिज लावून बघा.

आणि एक गोष्ट, जी आपल्या देशात विशेष जपावी लागते. पेन मोडलं तर काय? कुणीतरी हौसेनं गावातल्या मेडिकलमधून सिरिंज आणतं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बरंचसं १ मिलीलिटरमध्ये ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन १ मिलीलिटरमध्ये १०० युनिटचं, त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज. लाल टोपणाच्या सिरिंजनं कार्ट्रिजमधून १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर आत २५ युनिट जातात, अडीचपट. त्या मुलाचा जीव धोक्यात येतो. उलट, ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजनं १० ओढले तर फक्त ४ युनिट मिळतात आणि साखर चढत राहते. म्हणून दुसरं पेन सोबत द्या, शिवाय नारिंगी टोपणाच्या पाच-सहा सिरिंज द्या, आणि ताईला हा फरक दोन्ही सिरिंज समोर ठेवून दाखवा. बाहेरून सिरिंज आणायची नाही, हे ठसठशीत लिहून ठेवा.

जेवण वेगळं शिजवायला सांगू नका. तिला वेगळं ताट आलं की ती चार मैत्रिणींत वेगळी पडते, आणि त्याची गरजही नाही. आठवड्याचा मेनू आधी मागून घ्या आणि तिच्यासोबत बसून आकडे लिहा: मध्यम फुलका साधारण १५ ग्रॅम, पाव २५ च्या आसपास, वाटीभर भात ३० ते ३५. घरची वाटी सोबत द्या, त्याच वाटीनं भात मोजायचा. साबुदाण्याची खिचडी दिसते थोडी, पण कर्बोदकं भरपूर. मिसळ तेल-फरसाणामुळे उशिरा चढते, दोन तासांनी ठीक दिसलेली साखर चार तासांनी वर असते. आमरस वर्ज्य नाही, मोजून घ्यायचा आणि तेवढं इन्सुलिन घ्यायचं. शिबिरात ८ चं जेवण पावणेनऊला येतं, म्हणून घंटा वाजली म्हणून सुई घ्यायची नाही. ताट समोर आलं की घ्यायची. ती किती खाईल याची खात्री नसेल तर जेवण संपताक्षणी घ्यावी. साखर जरा चढेल, पण इन्सुलिन घेऊन उपाशी राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पाणी बदलतं, उलट्या-जुलाब होतात. तेव्हा सर्वांत घातक सल्ला म्हणजे "काही खात नाहीये ना, मग इन्सुलिन देऊ नका." टाइप १ मध्ये इन्सुलिन कधीही पूर्ण थांबवायचं नाही. आजारपणात खाणं नसलं तरी शरीराला ते लागतं. नाहीतर कीटोन वाढतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. लघवीच्या कीटोन पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, एक डबी द्याच. साखर दोन तासांच्या अंतरानं दोनदा २५० च्या वर आली किंवा उलटी झाली, तर पट्टी बघायची. उलटीत साखर जास्त नसली तरी बघायची. कीटोन आणि उलटी सोबत असतील, पोटात दुखत असेल, श्वास खोल आणि भरभर चालत असेल, तर वाट बघायची नाही, थेट रुग्णालय. आणि शिबिरात कुणी कारल्याच्या रसानं किंवा काढ्यानं इन्सुलिन सुटेल असं सांगितलं, तर लेकीनं आणि ताईनं स्पष्ट नाही म्हणायचं. तिच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच जवळजवळ उरलेल्या नाहीत, कुठल्याही रसानं त्या परत येत नाहीत.

शिबिरवाले कुरकुरले तर त्यांना सांगा की २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं राज्यांना पत्र लिहून, टाइप १ असलेल्या मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं आणि मधे खाऊ द्यावं असं कळवलं आहे. ते शाळांसाठी आहे, पण त्यामागचा विचार शिबिरालाही लागू पडतो. भांडू मात्र नका. घाबरलेल्या माणसाला तासभर शिकवलं की तो बहुधा तयार होतो. ताईला घरी बोलवा, तिच्या हातानं एकदा सुई द्यायला लावा, साखर तपासायला लावा. वरचे सगळे आकडे एका पानावर मराठीत लिहून त्याला प्लास्टिकचं आवरण घाला. एक प्रत ताईकडे, एक स्वयंपाकघरात, एक ड्रायव्हरकडे.

लेकीशी बोलताना नियमांची यादी वाचू नका. तिला विचारा, मैत्रिणींपैकी कुणाला सांगायचं? एकीला तरी माहीत हवं, पण कुणाला ते तिनं ठरवावं. लाजून बाथरूममध्ये सुई घेणाऱ्या किंवा डोसच चुकवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्याचं कारण प्रत्येक वेळी हेच होतं की आजूबाजूला कुणालाच काही माहीत नव्हतं. संध्याकाळी एकच फोन करा, आणि त्यात साखरेचा विषय काढू नका. आकडे ताईकडून घ्या. लेकीला विचारा, आज काय केलंस.

शिबिराआधी महिनाभर, एप्रिलमध्येच, तिला एक रात्र मावशीकडे किंवा आत्याकडे ठेवा, तुम्ही न जाता, हेच पान हातात देऊन. जे काही विसरलं जाईल ते तिथेच कळेल. आणि ती परत आली की पहिल्याच रात्री १४ युनिटवर उडी मारू नका. सात दिवसांच्या दमणुकीचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. पहिल्या रात्री १२, दुसऱ्या रात्री १३, आणि त्या दोन्ही रात्री २ वाजताची तपासणी तुमच्याकडे.